टीव्हीवरच्या वाह्यातपणाचं करायचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी टीव्हीपुढे बसून "काय हा फालतूपणा!" असं म्हणणाऱ्या घरांची महाराष्ट्रात वानवा नाही. पण बहुतेक घरांत म्हणणं तिथेच संपतं, कारण पुढे कुणाकडे जायचं हे ठाऊक नसतं. ग्राहकांना तक्रारी लिहून देण्याच्या कामात जे प्रश्न कानावर येतात ते इथे घेतले आहेत, लोक विचारतात त्याच भाषेत.

टीव्हीवर एवढा कचरा दाखवतात. सरकार बंद का करत नाही?

कचरा दाखवणं हा गुन्हा नाही म्हणून. ही गोष्ट आधी पचवली की पुढचं सोपं होतं.

टीव्हीवर आपल्याला जे खटकतं त्याचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात निव्वळ रटाळपणा. पाणी घालून वाढवलेली गोष्ट, मेलेली नायिका नवा चेहरा लावून परत येणं, एका संशयावर काढलेले तीन महिने. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीच्या लांबलेल्या गरोदरपणावर अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले, पण नऊ महिन्यांत बाळंतपण उरका असं सांगणारा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, आणि नसावाच. दुसऱ्या ढिगात नियम मोडणाऱ्या गोष्टी: अश्लीलता, बाईची विटंबना, अंधश्रद्धेला खतपाणी, एखाद्या समाजाची टिंगल, बातमीच्या नावाखाली बदनामी. तक्रार होते ती या दुसऱ्या ढिगाची. पहिल्या ढिगावर उपाय आहे, पण तो पैशाच्या वाटेने जातो. त्याबद्दल खाली टीआरपीच्या प्रश्नात.

लोक दोन्ही ढीग एकत्र करतात आणि "संस्कृतीचा ऱ्हास होत आहे" असं चार पानी पत्र लिहितात. अशा पत्राचं पुढे काही होत नाही. चव बिघडली म्हणून तक्रार चालत नाही, नियम मोडला म्हणून चालते.

हे नियम आहेत तरी कुठे?

केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा, १९९५ आणि त्याखालची १९९४ ची नियमावली. (नियम कायद्याच्या आधीचे कसे? १९९४ मध्ये आधी अध्यादेश निघाला होता, कायदा मागाहून आला.) या नियमावलीतला नियम ६ म्हणजे कार्यक्रम संहिता आणि नियम ७ म्हणजे जाहिरात संहिता. नाव केबलचं असलं तरी डिश लावणारे सुटत नाहीत, कारण वाहिनीला परवानगी देतानाच या संहिता पाळायची अट घातलेली असते.

नियम ६ एकदा बैठक मारून वाचावा असा आहे. सभ्यता आणि सुरुची यांना धक्का देणारं, अश्लील, बदनामीकारक, अर्धसत्य पेरणारं, हिंसेला चिथावणारं असं काही दाखवू नये, हे त्यात अपेक्षेप्रमाणे आहेच. पण मराठी आणि हिंदी मालिका पाहणाऱ्याने तीन कलमांवर बोट ठेवावं. एक, अंधश्रद्धेला उत्तेजन देऊ नये. दोन, स्त्रीची अप्रतिष्ठा होईल असं चित्रण करू नये. तीन, एखाद्या भाषिक, वांशिक किंवा प्रादेशिक गटाकडे तुच्छतेने पाहणारी दृश्यं वा शब्द नकोत. कामवाली बाई मराठीच आणि अडाणीच दाखवायची ही हिंदी मालिकांची जुनी खोड या तिसऱ्या कलमाच्या तोंडावर येते, पण त्यावर कुणी लेखी बोलल्याचं क्वचितच ऐकू येतं. शिवाय लहान मुलं जास्तीत जास्त संख्येने टीव्ही पाहतात त्या वेळेत त्यांना अयोग्य असं काही दाखवू नये, असंही नियमात स्पष्ट आहे.

सिनेमाला सेन्सॉर आहे, मग मालिकांना का नाही?

मालिका, रिॲलिटी शो, बातम्या यांना आधी प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही. रोजचा भाग आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी संपादित होऊन जातो. एवढा माल दररोज तपासायचा तर सेन्सॉर बोर्डाचं गावच वसवावं लागेल. सिनेमाचं तसं नाही. २००४ साली मुंबईतल्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यातून टीव्हीवर फक्त 'यू' आणि 'यू/ए' प्रमाणपत्राचेच चित्रपट दाखवता येतील हे ठरलं. आज 'ए' चित्रपट टीव्हीवर येताना काटछाट करून, नवं प्रमाणपत्र घेऊन येतो, त्याचं मूळ या खटल्यात आहे. एका बाईने वाहिन्यांना कोर्टात खेचलं आणि देशभराचा टीव्ही बदलला, हे आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही.

"आवडत नसेल तर रिमोट आहे ना हातात?" यावर काय बोलायचं?

हे तर न्यायाधीशांनीही म्हटलेलं आहे. २००९ मध्ये स्पर्धकांना खासगी आयुष्यावरचे प्रश्न विचारणाऱ्या 'सच का सामना' या कार्यक्रमावरून संसदेत गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. मुख्य न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या खंडपीठाने बंदी घालायला नकार दिला आणि सरळ विचारलं की टीव्ही बंद का करत नाही. गंमत पुढे आहे. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, मनोरंजन वाहिन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला बीसीसीसी ही परिषद उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झाले निवृत्त न्यायमूर्ती ए. पी. शहाच.

यात मला विसंगती दिसत नाही. न्यायालयाने बंदी घालणं वेगळं, आणि वाहिनीला तिच्याच नियमाचा जाब विचारणं वेगळं. रिमोट तुमच्या घरापुरता. शेजारच्या घरात सात वर्षांचं पोर एकटं टीव्हीपुढे बसलंय, त्याच्या हातातल्या रिमोटचं काय, हा प्रश्न उरतोच.

तक्रार नेमकी कुठे करायची?

जून २०२१ मध्ये नियमावलीत दुरुस्ती होऊन तीन पायऱ्या पक्क्या झाल्या. पायरी चुकवली की कागद परत येतो, म्हणून क्रम लक्षात ठेवा.

आधी वाहिनीकडे. प्रत्येक वाहिनीने तक्रार कुणाकडे पाठवायची त्याचा तपशील आपल्या संकेतस्थळावर द्यायचा असतो. तो बहुधा पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो, शोधावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत यायला हवा.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सभासद आहे तिच्याकडे अपील. मनोरंजन वाहिन्यांसाठी ही संस्था म्हणजे बहुतेक वेळा बीसीसीसी, बातम्यांसाठी बहुतेक वेळा एनबीडीएसए. 'बहुतेक वेळा' म्हणायचं कारण, काही वृत्तवाहिन्या वेगळा तंबू ठोकून बसल्या आहेत. वाहिनी कुठल्या संस्थेत आहे ते आधी पाहा. या संस्थेला ६० दिवस असतात. तिथेही समाधान झालं नाही तर आणखी १५ दिवसांत केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. तिथे वेगवेगळ्या खात्यांची समिती बसते.

पोलीस ठाण्यात जाऊ का, असंही विचारतात. वाहिनीविरुद्ध थेट पोलिसात जाण्याने शंभरातल्या नव्व्याण्णव प्रकरणांत तुमचाच दिवस वाया जातो.

तक्रार लिहायची कशी? मला असं कायद्याच्या भाषेत जमत नाही.

कायद्याची भाषा नकोच. तुम्ही काय पाहिलं ते सांगा, विशेषणं गाळून.

उदाहरण घेऊ. रात्री आठची मालिका. सासू सुनेच्या उशीखाली काळी बाहुली ठेवते. टाचणी टोचल्यावर दुसऱ्या खोलीत सून पोट धरून कोसळते. ढोल, वीज, सासूचा चेहरा तीन बाजूंनी तीन वेळा, मग जाहिराती. परतल्यावर एक बाबा बाहुली जाळतो आणि सून उठून बसते. डॉक्टर मघाशीच "मेडिकल सायन्सला हे समजत नाही" म्हणून निघून गेलेला असतो. सुरुवातीला "ही मालिका अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही" अशी पाटी होती खरी, पण ती वाचायची तर टीव्ही पॉज करून चष्मा लावावा लागतो.

यावर तक्रार एवढीच:

"आपल्या वाहिनीवरील अमुक मालिकेच्या अमुक तारखेच्या भागात रात्री ८.१७ ते ८.२४ या वेळेत, बाहुलीला टाचणी टोचल्याने आजार होतो व ती जाळल्याने बरा होतो, असे दाखवले आहे. हे खोटे असल्याचे त्या भागात कोणतेही पात्र वा प्रसंग सुचवत नाही. सूचनेची पाटी वाचता येण्याइतकी मोठी वा पुरेशा वेळेची नव्हती. हा कार्यक्रम संहितेतील नियम ६(१)(जे) चा भंग आहे. हे दृश्य पुनःप्रक्षेपणातून वगळावे आणि त्याच वेळेस खुलासा दाखवावा."

वाहिनी, कार्यक्रम, तारीख, मिनिटं, काय दिसलं, कुठला नियम, काय हवंय. बस्स. मराठीत लिहा, पण वर चार ओळींचा इंग्रजी गोषवारा जोडा, कारण पुढच्या पायरीवर कागद दिल्लीला जातो. मोबाइलवर दृश्याची क्लिप करून ठेवा. वाहिन्यांना प्रक्षेपण ९० दिवस जपून ठेवावं लागतं, म्हणून "आमच्याकडे तो भाग नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका. मात्र तक्रार त्याच आठवड्यात करा, राग ताजा असताना आणि मिनिटं आठवत असताना.

एकाच मजकुरावर पन्नास जणांच्या सह्या घेण्यापेक्षा पन्नास जणांनी आपापल्या शब्दांत पन्नास तक्रारी केलेल्या बऱ्या.

याने खरंच काही फरक पडतो, की नुसती कागदी घोडदौड?

दोन्ही. २०१७ मध्ये सोनीवर 'पहरेदार पिया की' ही मालिका आली. नायिका अठरा वर्षांची, नवरा शाळकरी पोरगा, आणि संध्याकाळी साडेआठची घरातल्या सगळ्यांची वेळ. प्रेक्षकांनी ऑनलाइन अर्ज केले, मंत्र्यांपर्यंत गेले. बीसीसीसीने मालिका रात्री दहाला न्यायला आणि बालविवाहाचं समर्थन करत नसल्याची पट्टी चालवायला सांगितलं. त्या वेळेला मालिका चालवण्यात वाहिनीला रस उरला नाही आणि ऑगस्टअखेर ती बंद पडली. कुणी बंदी घातली नव्हती, फक्त वेळ बदलली होती. वाहिनीची नाडी कुठे असते ते यातून कळतं: प्राइम टाइम काढून घेतला की जाहिरातदार जातो, जाहिरातदार गेला की गोष्ट संपते.

उलट उदाहरणही आहे. २०१० मध्ये मंत्रालयाने 'बिग बॉस' आणि 'राखी का इन्साफ' रात्री अकरानंतर दाखवा असा हुकूम काढला. 'बिग बॉस'ची वाहिनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि स्थगिती घेऊन आली. आज त्याच कार्यक्रमाची मराठी आवृत्ती घराघरांत जेवणाच्या वेळी चालते. सरकारी हुकूमापेक्षा प्रेक्षकांची नेमकी तक्रार जास्त टिकते, असं माझं मत झालंय ते अशा गोष्टींवरून.

आणि हो, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने केबल कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली. तेव्हा "यांना आत टाका" ही मागणी सोडून द्या.

बातम्यांच्या वाहिन्यांवरचा आरडाओरडा तर मालिकांपेक्षा वाईट आहे.

वाईट आहेच, आणि जास्त धोक्याचाही, कारण मालिकेतली सासू खोटी आहे हे आजीलाही कळतं. बातमीतला लाल गोल आणि बाण मात्र तिला खरा वाटतो.

सुशांतसिंह राजपूत प्रकरण आठवा. २०२० मध्ये महिनोन् महिने काही वाहिन्यांवर रोज संध्याकाळी कोर्ट भरत होतं. त्याच प्रकरणात सुशांतच्या नावाचे बनावट ट्वीट दाखवल्याबद्दल 'आज तक'ला वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने एक लाख रुपये दंड केला आणि माफी मागायला लावली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन वाहिन्यांचं वार्तांकन सकृद्दर्शनी न्यायालयाचा अवमान करणारं असल्याचं म्हटलं, आणि तपास चालू असताना काय दाखवू नये हेही सांगितलं. पण दंडाचा आकडा पाहा. एक लाख. एवढे तर प्राइम टाइमच्या दोनचार जाहिरातींत वसूल होत असतील. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा दंड परिणामकारक नसल्याचं सुनावलं.

म्हणून बातम्यांच्या तक्रारीत दंडाची वाट पाहू नका. मागायची ती दोन गोष्टी: माफी त्याच वेळेला, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आणि तो व्हिडिओ वाहिनीच्या यूट्यूबवरून व संकेतस्थळावरून काढणं. दुसरी मागणी लोक विसरतात आणि बदनामी पुढची दहा वर्षं तिथेच लटकत राहते. अपघातातले मृतदेह, मारहाणीची दृश्यं धूसर न करता दाखवली असतील, तर मंत्रालयाच्या जानेवारी २०२३ च्या सूचनेचा हवाला द्या; ती याच विषयावर आहे.

रात्री यंत्र, तावीज, कुबेराच्या चाव्या विकतात ते चालतं का?

महाराष्ट्रात नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार घेऊन उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ जानेवारी २०२१ रोजी 'हनुमान चालीसा यंत्र' वगैरेंच्या टीव्हीवरच्या जाहिराती बेकायदा ठरवल्या. वस्तूत दैवी शक्ती असल्याचा दावा करून ती विकणं आणि त्याची जाहिरात करणं, दोन्ही. याचिका करणारे एक शिक्षक होते. इथे मात्र पोलीस ठाणे हा योग्य पत्ता आहे, कारण त्या कायद्याखाली दक्षता अधिकारी नेमलेले असतात. वर पोलिसांबद्दल जे म्हटलं त्याला हा अपवाद.

इतर फसव्या जाहिरातींसाठी (गोरं करणारी मलमं, महिन्यात उंची वाढवणाऱ्या पावडरी) १९८५ पासून मुंबईत असलेली ॲस्की ही जाहिरात क्षेत्राची संस्था तक्रार घेते. तक्रार फुकट असते.

जाहिराती किती वेळ दाखवाव्यात याला मर्यादा आहे?

तासाला १२ मिनिटं, त्यातली १० व्यावसायिक आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. नियम ७ मध्ये लिहिलेलं आहे. पाळलं किती जातं ते घड्याळ लावून बघा. वाहिन्या २०१३ पासून यावर दिल्ली उच्च न्यायालयात भांडत आल्या आहेत.

लोकांनाच हे आवडतं, टीआरपी बघा, असं वाहिनीवाले सांगतात.

टीआरपी कशी निघते ते बघा, मग "लोक" म्हणजे कोण ते कळेल. बार्क ही संस्था देशभरातल्या ५० हजारांहून थोड्या अधिक घरांत मीटर बसवते. टीव्ही असलेली घरं देशात साधारण २१ कोटी. म्हणजे चार हजार घरांमागे एक मीटर. ते कुठल्या घरात आहे हे गुप्त ठेवतात. त्या घरातल्या प्रत्येकाने टीव्हीपुढे बसताना आपापलं बटण दाबायचं असतं. या आकड्यांवर दर गुरुवारी मालिकांचं भवितव्य ठरतं. गुरुवारी आकडा पडला की सोमवारी कुणाचा तरी अपघात होतो.

२०२० च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला तेव्हा बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडेच थांबवले. ते परत सुरू झाले मार्च २०२२ मध्ये. एवढा काळ आकड्यांवाचून बातम्या चालल्या, आणि आरडाओरडा फारसा कमी झाला नाही. सवयच लागली होती म्हणा.

यातून निघणारी कडू गोष्ट अशी, की तुमच्या घरी मीटर नसेल तर तुम्ही मालिका बघणं सोडलंत हे कुणालाही कळत नाही. कळतं ते वाहिनीचे पैसे भरणं बंद केलं की. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे वाहिन्या सुट्या निवडता येतात. केबलवाला "पॅक घ्या, सुट्ट्याने महाग पडेल" म्हणेल, आणि हिशोबात तो बऱ्याचदा खराही असतो, कारण पॅक तशाच रचलेल्या असतात. तरी महिन्याचं बिल समोर घेऊन बसा आणि घरात कुणीच बघत नाही अशा वाहिन्या खोडा.

लहान मुलांच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमांबद्दल काही करता येतं?

येतं. सहा वर्षांच्या मुलीला मोठ्यांच्या आयटम साँगवर तशाच हावभावांत नाचवायचं, परीक्षकांनी शिट्ट्या मारायच्या आणि आईवडिलांनी डोळे पुसायचे, याबद्दल मंत्रालयाने जून २०१९ मध्ये वाहिन्यांना सूचना दिली आहे. तक्रारीत तिचा उल्लेख करा. मुलाला स्टेजवर रडवणं, घरच्या गरिबीची कहाणी त्याच्याच तोंडून वदवणं, हेही लिहा. मात्र मुलाचं नाव आणि क्लिप सोशल मीडियावर फिरवू नका. त्याची शाळा तीच असते, वर्गातली मुलं तीच असतात.

वाहिनीच्या ऑफिसवर मोर्चा नेला तर लवकर ऐकतात.

ऐकतात, पण चुकीचं. काचा फुटल्या की वाहिनीला आठवडाभराची फुकट प्रसिद्धी मिळते. आणि "भावना दुखावल्या" म्हणणाऱ्या गर्दीला चांगलं नाटक आणि वाईट मालिका यांतला फरक कळत नाही, हे महाराष्ट्राने पुरेसं पाहिलंय. आज ज्या गर्दीने कचरा बंद केला ती उद्या कुणाचं तरी धाडसी लेखन बंद करायला निघेल.

आमच्या गावच्या केबलवर लोकल चॅनेल आहे. त्यावर काहीही लावतात.

त्याच्यावर अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत आणि पोलीस आयुक्त यांना आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गणपतीच्या दिवसांत अश्लील नाचाचे व्हिडिओ किंवा प्रमाणपत्र नसलेले सिनेमे लावले असतील तर तारीख-वेळ लिहा. इथे दिल्लीपर्यंत जावं लागत नाही, म्हणून काम लवकर होतं.

सासूबाई मालिका सोडत नाहीत आणि पोरं तिथेच जेवायला बसतात. काय करू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. सासूबाईंची मालिका बंद करायला जाऊ नका. दिवसभर घरात एकटं बसणाऱ्या माणसाला ती सोबत असते. बहुतेक मालिकांचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी परत लागतो, किंवा वाहिनीच्या ॲपवर असतो. पोरं शाळेत असताना त्यांनी तो बघावा, मोबाइलवर लावून द्यायला शिकवा. संध्याकाळची तासभर वेळ मोकळी होते आणि कुणाचा मान जात नाही. सेट टॉप बॉक्सला पॅरेंटल लॉक असतं, ते मात्र पिन टाकून आजच लावा. कंपनीने दिलेला मूळ पिन पोरांना तुमच्याआधी माहीत असतो.

आम्ही सगळं ओटीटीवर बघतो. तिथे हे नियम लागतात?

नाही, तिथे वेगळे आहेत. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम. वयाप्रमाणे यू, ७+, १३+, १६+ आणि ए अशी वर्गवारी दाखवावी लागते आणि लॉकची सोय द्यावी लागते. तक्रारीच्या पायऱ्या तशाच तीन: आधी त्या कंपनीचा तक्रार अधिकारी, मग स्वनियमन संस्था, मग मंत्रालय. २०२४ च्या मार्चमध्ये १८ अश्लील ओटीटी मंच आणि २०२५ च्या जुलैमध्ये २५ अश्लील ॲप-संकेतस्थळं मंत्रालयाने बंद केली, ती माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली. यूट्यूबवर कुणीही टाकलेला व्हिडिओ मात्र यात येत नाही. तिथे व्हिडिओखालचं रिपोर्टचं बटण, मग यूट्यूबचा भारतातला तक्रार अधिकारी, आणि त्याच्यावर अपील केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे.